ब्लू माउंटन्समधील पायवाटा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या पश्चिमेस सुमारे १०० किमी. अंतरावर ब्लू माउंटन्स हे वालुकाश्माचे पठार आहे. त्याच्या कड्यांवरून, कड्यांच्या पोटातून आणि तळच्या दऱ्यांतून पायवाटांचे मोठे जाळे पसरले आहे. रानात पायी भटकण्याला ऑस्ट्रेलियात ‘बुशवॉकिंग’ म्हणतात. वेंटवर्थ फॉल्स, ल्यूरा, कटूंबा आणि ब्लॅकहीथ या रेल्वेमार्गावरच्या गावांतून बहुतेक प्रसिद्ध वाटा सुरू होतात. हा प्रदेश मुळात गंडंगुरा आणि दारुग या आदिवासी समाजांचा. ग्लेनब्रूकजवळच्या ‘रेड हँड्स केव्ह’ या गुहेत त्यांच्या पूर्वजांच्या हातांचे ठसे आजही दिसतात आणि तिथवर जाणारी वाटही लोकप्रिय आहे.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला इथला क्रम उलटा वाटतो. गडावर आधी चढायचे आणि दमल्यावर उतरायचे, ही आपली सवय. इथे स्टेशन, चहा-कॉफीची दुकाने, वाहनतळ सारे काही माथ्यावर असते आणि पाहण्यासारखे ते खाली. सकाळी उत्साहात केलेली उतरण दुपारी पायरी-पायरीने परत चढावी लागते. पहिल्यांदा येणाऱ्यांचा वेळेचा अंदाज चुकतो तो बहुधा यामुळेच.

इथले कडे, धबधबे आणि वाटा या तिन्हींचा उलगडा खडकाच्या थरांतून होतो. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा वालुकाश्म बनला. त्याच्या जाड थरांमध्ये मातीपासून बनलेल्या मऊ खडकाचे पातळ पट्टे आहेत, आणि सर्वांत तळाशी शेल व दगडी कोळसा. खालचा मऊ खडक झिजला की वरचा वालुकाश्म आधाराविना लोंबकळतो आणि उभ्या भेगांवर तुटून खाली येतो. त्यामुळे कडा मागे सरकत राहतो, पण त्याचा उभेपणा जात नाही. १८३६ च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन ओढ्याच्या काठाने चालत वेंटवर्थ धबधब्याच्या कड्यावर आला, तेव्हा दृश्याने तो थक्क झाला. मात्र एवढ्या अफाट दऱ्या आजच्या ओढ्यांनी कोरल्या असतील हे त्याला पटेना. हे समुद्राचे काम असावे, असा त्याने तर्क केला आणि तो चुकला. तो ज्या ओढ्याकाठून गेला, तिथल्या वाटेला आज त्याचेच नाव आहे.

पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी इथले अनेक धबधबे आटत नाहीत. पठारावरच्या उतारांना चिकटून पाणथळ जागा आहेत. त्यांतल्या काळ्या मातीत पाणी मुरते, सच्छिद्र वालुकाश्मातून खाली झिरपते आणि मऊ खडकाच्या पट्ट्याशी अडून कड्याच्या पोटातून बाहेर येते. भर उन्हाळ्यातही वाटेवरचा कडा ओला असतो तो यामुळे. या ओलाव्यावर नेचे, शेवाळे आणि कीटकभक्षी दवबिंदू वनस्पती वाढतात. वेंटवर्थ फॉल्स ते कटूंबा या टप्प्यात, धबधब्यांच्या तुषारांत भिजणाऱ्या कपारींवर एक खुजे सूचिपर्णी झुडूप आढळते. फेरोस्फेरा फिट्झजेराल्डी हे त्याचे शास्त्रीय नाव. जगात ते दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही. माथ्यावरच्या गावांतून वाहून येणारे दूषित पाणी आणि बाहेरून आलेले तण यांनी ते धोक्यात आले आहे.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस पठारावर रेल्वे पोहोचली आणि सिडनीकर हवापालटासाठी येऊ लागले. पाहुणे आणखी एक दिवस राहावेत म्हणून गावोगावच्या मंडळींनी वाटा खोदून घेतल्या. कटूंबा आणि ल्यूराच्या कड्यांखालून जाणारी ‘फेडरल पास’ १९०० मध्ये खुली झाली. वर्षभरात ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे संघराज्य होणार होते, त्यावरून हे नाव पडले.

या साऱ्यांत ‘नॅशनल पास’ सर्वांत धाडसी म्हणावी लागेल. वेंटवर्थ धबधबा एकूण १८७ मी. उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळतो. वरच्या आणि खालच्या कड्याच्या मधोमध मऊ खडकाचा जो पट्टा आहे, तोच कोरून ही वाट काढलेली आहे. १९०६ ते १९०८ या काळात ‘आयरिश ब्रिगेड’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या मजुरांनी टिकाव, फावडी आणि सुरुंग यांच्या बळावर हे काम केले. धबधब्याशेजारच्या कड्यात नागमोडी दगडी जिना, मग वरच्या धारेच्या पायथ्याशी दगडांवरून ओढा ओलांडणे आणि त्यापुढे डोक्यावर झुकलेल्या खडकाखालून लांबच लांब आडवी चाल. एका अंगाला कडा वर चढत जातो, दुसऱ्या अंगाला तो तसाच खाली तुटतो. वाट शेवटी ‘व्हॅली ऑफ द वॉटर्स’ या घळीत शिरते आणि एम्प्रेस धबधब्याच्या डोहाजवळून माथ्यावर चढते. एम्प्रेसच्या धारेतून दोरावर उतरणारे लोकही तिथे बरेचदा दिसतात.

कटूंब्याचे ‘थ्री सिस्टर्स’ हे तीन सुळके सर्वांना माहीत असतात. शापाने दगड झालेल्या तीन बहिणींची जी कथा पर्यटकांना सांगितली जाते, ती खरोखर आदिवासींची आहे की विसाव्या शतकात रचलेली, याबद्दल वाद आहे. सुळक्यांवर चढायला बंदी आहे. बसने येणारे बहुतेक जण फोटो काढून परततात. सुळक्यांच्या बगलेतून आठशेहून अधिक पायऱ्यांचा ‘जायंट स्टेअरवे’ थेट दरीत उतरतो. तो १९३२ मध्ये खुला झाला. खाली कोचवूड आणि सॅसाफ्रास वृक्षांच्या सावलीतून फेडरल पासने कटूंबा धबधब्याच्या पायथ्याकडे जाता येते. पुन्हा पायऱ्या नको असतील तर कोळसा खाणीसाठी बांधलेली रेल्वे माथ्यावर नेते. तिचा सर्वाधिक चढ ५२ अंशांचा असून १९४५ पासून ती केवळ पर्यटकांसाठी धावते. संध्याकाळी ती लवकर बंद होते, हे उतरण्याआधीच लक्षात घ्यावे.

ब्लॅकहीथजवळची ‘ग्रँड कॅन्यन’ ही सुमारे ६ किमी.ची वाट वेगळ्या धाटणीची आहे. इथे कड्यावरून दरी पाहायची नसते. अरुंद घळीच्या आतून, ओढ्याच्या कडेने चालायचे असते. उन्हाळ्यातल्या दुपारीही आत गारवा जाणवतो. जमिनीवर पालापाचोळा उकरणारा लायरबर्ड इथे दिसण्याची शक्यता असते. तो इतर पक्ष्यांच्या आवाजांची इतकी हुबेहूब नक्कल करतो, की चार पक्षी ऐकले असे वाटावे आणि झाडीत तो एकटाच निघावा. ओलसर दिवसांत जळवा असतात. सह्याद्रीतल्या पावसाळी भटक्यांना त्यांचे नवल वाटणार नाही.

भटक्यांनी या डोंगरांसाठी केलेले काम मोठे आहे. १९३१ मध्ये ग्रोस दरीच्या तळाशी असलेल्या ‘ब्लू गम फॉरेस्ट’मधली उंच निलगिरीची झाडे तोडून तिथे अक्रोड लावण्याचा जमीनधारकाचा बेत होता. तिथे मुक्कामाला गेलेल्या भटक्यांना हे कळले. सिडनीतल्या बुशवॉकिंग मंडळांनी मिळून १३० पौंडांत त्याच्याकडून ती जागा सोडवून घेतली, तीही जागतिक मंदीच्या काळात. यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी माइल्स डन्फी यांनी या साऱ्या डोंगराळ भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा म्हणून अनेक वर्षे नकाशे आणि प्रस्ताव तयार केले. ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान १९५९ मध्ये घोषित झाले. २००० मध्ये आसपासच्या उद्यानांसह दहा लाख हेक्टरांहून मोठे क्षेत्र जागतिक वारसा यादीत गेले. निलगिरीच्या नव्वदहून अधिक जाती हे त्यामागचे एक मुख्य कारण. १९९४ मध्ये याच वारसा क्षेत्रातल्या वोलेमाय उद्यानाच्या एका घळीत डेव्हिड नोबल या उद्यान कर्मचाऱ्याला अनोळखी झाडे दिसली. ज्यांच्यासारखी झाडे तोवर केवळ जीवाश्मांतून ठाऊक होती, ते हे वोलेमाय पाइन होते. त्यांची नेमकी जागा आजही गुप्त ठेवली जाते.

कडा मागे सरकण्याची क्रिया आजही चालू आहे आणि वाटा नेमक्या त्याच्या टप्प्यात आहेत. एप्रिल २०२२ मध्ये वेंटवर्थ पास या वाटेवर दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर अनेक वाटा दीर्घकाळ बंद ठेवून कड्यांची तपासणी करण्यात आली. त्याआधी २०१९–२० च्या वणव्यांत वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग जळाला होता. त्यामुळे एखादी वाट खुली आहे की नाही हे निघण्याच्या दिवशी उद्यान विभागाकडे पाहून घ्यावे लागते. ‘बंद’ अशी पाटी असलेल्या वाटेवर पाऊल टाकणे हा इथे शुद्ध मूर्खपणा ठरतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला उन्हाळा. तेव्हा वणव्याचा धोका असतो. जून ते ऑगस्ट थंडी असते, क्वचित बर्फही पडते आणि अंधार लवकर होतो. दरीत मोबाइलला बहुधा रेंज नसते. म्हणून लांबच्या वाटेवर जाणाऱ्यांना उपग्रहामार्फत संकटाची सूचना देणारे बीकन पोलीस व उद्यान विभाग विनामूल्य वापरायला देतात. जाण्याचा मार्ग आणि परतण्याची वेळ मात्र नोंदवून जावी लागते. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून कटूंब्याला रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. गाडी पॅरामॅटा आणि वेस्टमीड या भारतीयांची, त्यांत मराठी कुटुंबांचीही, वस्ती असलेल्या उपनगरांवरून जाते. ज्यांना थेट दरीत उतरायचे नाही त्यांच्यासाठी वेंटवर्थ फॉल्स ते कटूंबा हा १९ किमी.चा ‘ग्रँड क्लिफ टॉप वॉक’ २०२४ मध्ये खुला झाला आहे. त्यातही चढउतार आणि पायऱ्या आहेत, पण वाट बहुतांशी माथ्यावरून जाते आणि ल्यूरापाशी सोडून गाडी पकडता येते.