ब्रँच व टॅग (सॉफ्टवेअर-रिलीजमधील)

सोर्स कोडच्या (प्रोग्रामच्या मूळ मजकुराच्या) इतिहासातील एका ठरावीक अवस्थेला दिलेले स्थिर नाव म्हणजे टॅग. त्याच इतिहासातून फुटून पुढे वाढत राहणारा प्रवाह म्हणजे ब्रँच. रिलीजच्या कामात दोन्ही जोडीने येतात. २.४ या आवृत्तीची देखभाल एका ब्रँचवर चालते, तर तीतून ग्राहकाकडे गेलेली २.४.०, २.४.१ ही रिलीजे टॅगने निश्चित होतात.

उगम : याविषयी एकमत नाही. बेल प्रयोगशाळेतील मार्क रॉचकिंड यांची एससीसीएस ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली सामान्यतः १९७२ ची मानतात. तिच्यावरील लेख १९७५ चा असल्याने काही ठिकाणी तेच वर्ष दिलेले आढळते. तिच्या प्रगत रूपातील क्रमांकात रिलीज, लेव्हल, ब्रँच व सीक्वेन्स असे चार घटक असतात (उदा., १.२.१.३). एवढ्यावरून रिलीज-ब्रँचचे जनकत्व एससीसीएसला देण्यात येते. तथापि हा क्रमांक एकेका फाइलपुरता असे. निरनिराळ्या क्रमांकांच्या अनेक फाइली मिळून एक रिलीज होते, हे सांगणारे समाईक नाव तीत नव्हते. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांच्या आरसीएस या तशाच प्रणालीने (सु. १९८२) क्रमांकाला सांकेतिक नाव जोडण्याची सोय केली. तेच नाव सगळ्या फाइलींना लावले, की जुने रिलीज जसेच्या तसे पुन्हा काढता येई. टॅगचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. डिक ग्रून यांच्या शेल स्क्रिप्टांतून (१९८६) निघालेल्या आणि ब्रायन बर्लिनर यांनी १९८९ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिलेल्या सीव्हीएस या प्रणालीमध्ये तर ब्रँच हा टॅगचाच एक प्रकार होता; तिच्या अंतर्गत क्रमांकात शेवटून दुसऱ्या जागी शून्य घालून ती ओळखली जाई (उदा., १.२.०.२).

सबव्हर्जन या प्रणालीमध्ये (१.० आवृत्ती, २००४) टॅग आणि ब्रँच या दोन्ही केवळ डिरेक्टरीच्या प्रती असून त्यांतील भेद संकेताने पाळायचा असतो. टॅगमध्ये कमिट केले (बदल नोंदवला), तर प्रणाली स्वतःहून अडवत नाही.

गिट (२००५) : या प्रणालीत टॅग व ब्रँच ही दोन्ही कमिटकडे (नोंदवलेल्या अवस्थेकडे) निर्देश करणारी नावे आहेत. नवे कमिट झाले की ब्रँच पुढे सरकते, टॅग जागीच राहतो. साधा टॅग हे नुसते नाव असते. ॲनोटेटेड टॅगमध्ये लावणाऱ्याचे नाव, दिनांक, संदेश व हवी असल्यास डिजिटल सही येते. रिलीजसाठी ॲनोटेटेड टॅगच वापरावा. पुश करताना (कमिट सामाईक साठ्याकडे पाठवताना) टॅग आपोआप जात नाहीत, ते वेगळे पाठवावे लागतात.

प्रसिद्ध झालेला टॅग हलवणे गैर मानतात. चूक निघाल्यास पुढचा क्रमांक द्यावा. टॅग हलवल्यास ज्याने तो आधी घेतला त्याच्याकडे जुनेच कमिट राहते आणि एकाच नावाच्या दोन वस्तू वावरू लागतात. म्हणूनच गिटच्या २.२० या आवृत्तीपासून (२०१८) सक्तीचा पर्याय दिल्याखेरीज फेच (साठ्यातून नवे बदल आणणारी आज्ञा) जुना टॅग बदलत नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली व तीत कोणी नवी ओवी घालू नये असे बजावले, टॅगमागील शिस्त याच जातीची.

टॅगचे नाव देवनागरीत चालते. त्यात रिकामी जागा मात्र चालत नाही. अंक इंग्रजी (0 ते 9) ठेवणे इष्ट. आवृत्तीनुसार क्रम लावताना गिट देवनागरी अंकांना संख्या समजत नाही, त्यामुळे ‘१०’ हा ‘९’च्या आधी लागतो.

पद्धती : व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये मांडलेली गिट-फ्लो ही ब्रँचांची रचना फार पसरली. सतत रिलीज होणाऱ्या वेब-सॉफ्टवेअरसाठी सोपी रचना बरी, अशी टीप त्यांनीच २०२० मध्ये जोडली. दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचमध्ये व मग चेरी-पिकने (तेवढाच बदल उचलून) रिलीज-ब्रँचमध्ये, हा लिनक्सच्या स्टेबल शाखेचा नियम लहान संघांनाही मानवतो.

मराठवाड्यातील उपयोजन : साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे किंवा ऊसबिलाचे सॉफ्टवेअर असल्यास गाळपाच्या तोंडावर, साधारण ऑक्टोबरात, रिलीज-ब्रँच काढून हंगामभर तीत फक्त दुरुस्त्या घेणे सोयीचे पडते. प्रत्येक कारखान्यासाठी कायमची निराळी ब्रँच ठेवण्याचा मोह टाळावा, कारण एकच दुरुस्ती तितक्या ठिकाणी मर्ज (विलीन) करावी लागते. दर व कपातींतील फरक सेटिंगमध्ये ठेवता येतात.