सुकं पान आणि चार डोळे

सुमात्राच्या जंगलात ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसला एक फुलपाखरू सारखं हुलकावणी देत होतं. उडताना जांभळ्या पंखांवरचा नारिंगी पट्टा लांबून दिसे. झुडपात शिरलं की गायब. अखेर एकदा ते बसलं ती नेमकी जागा त्याने हेरली, आणि समोर होतं एक सुकं पान! देठ, मधली शीर, बुरशीचे ठिपकेसुद्धा. १८६९ सालच्या त्याच्या प्रवासग्रंथातल्या वर्णनाने हे कॅलिमा फुलपाखरू जगप्रसिद्ध झालं. त्याचं एक भावंड आपल्या सह्याद्रीतही आहे.

लपण्याचा फायदा तसा सहज पटतो. बिचकवण्याचं कोडं मात्र अवघड होतं. युरोपातलं पीकॉक फुलपाखरू पंख मिटून बसलं की काळपट सालीसारखं दिसतं. पक्षी अगदी जवळ आला की ते झटकन पंख उघडतं, पंखांवरचे डोळ्यांसारखे चार मोठे ठिपके, म्हणजे ‘डोळे’, समोर येतात आणि पंख घासल्याचा फुत्कारही ऐकू येतो. पण ते डोळे आपल्याला दिसतात. पक्ष्याला काय दिसतं?

हा प्रश्न पक्ष्यांनाच विचारायला हवा होता. प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लेस्टने ते केलं. त्याने एका पेटीवर अळी ठेवली. पक्षी ती टिपायला आला की आतला दिवा लागून अळीच्या दोन्ही बाजूंना आकृत्या उजळत. १९५७ साली त्याने निष्कर्ष मांडला: रेघा किंवा फुल्यांपेक्षा डोळ्यासारख्या वर्तुळांना पक्षी जास्त दचकतात. किती साधी आणि सुंदर युक्ती!

पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी जिवंत पीकॉक फुलपाखरं ब्लू टिट पक्ष्यांसमोर ठेवली. २००५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे बोलके आहेत. डोळे शाबूत असलेल्या ३४ पैकी एकच मारलं गेलं. डोळे रंगाने झाकलेल्या २० पैकी १३. फुत्कार बंद केल्याने फारसा फरक पडला नाही.

वाद तरीही मिटला नाही. २००८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी पतंग या कीटकाच्या कागदी प्रतिकृती झाडांवर लावून दाखवलं, की ठळक चौकोन आणि पट्टेही वर्तुळांइतकेच कामी येतात. म्हणजे महत्त्व डोळ्याच्या नकलेला नसून ठळकपणाला आहे. २०१५ साली फिनलंडमधून उलट उत्तर आलं. तिथे पडद्यावर घुबडाचे खरे डोळे आणि फुलपाखराच्या पंखांवरचे डोळे दाखवल्यावर पक्षी दोन्हींना सारखेच घाबरले.