जुनी मोटारगाडी खरेदी (नाशिक)

एकाने वापरलेली मोटारगाडी दुसऱ्याने विकत घेऊन परिवहन कार्यालयात स्वतःच्या नावावर करून घेण्याचा व्यवहार. बोलण्यात 'सेकंडहँड गाडी घेणे'. नाशिक शहरातील गाड्यांची पासिंग 'एमएच १५' या क्रमांकाने होते; जिल्ह्यातीलच मालेगावचा क्रमांक 'एमएच ४१' आहे. गाडी थेट मालकाकडून, एजंटामार्फत, जुन्या गाड्यांच्या डीलरकडे किंवा शोरूममध्ये एक्स्चेंजला आलेल्यांतून मिळते. दसरा-पाडव्याला नवी गाडी घरी आणणारे अनेकजण जुनी त्याच सुमारास सोडतात, त्यामुळे या सणांनंतर निवडीला वाव असतो.

पाहणी : भाव विचारण्याआधी ही गाडी कुठे उभी राहायची हे विचारावे. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पाणी किती चढले ते सांगतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठच्या बाजारपेठेत पाणी शिरले होते. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, पॉलिश मारून नव्यासारखी दिसू शकते. पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा तांब्यावर हिरवा गंज चढवत राहतो आणि काही महिन्यांनी खिडक्यांची बटणे, सेन्सर, एअरबॅगचा दिवा यांची एकामागून एक तक्रार सुरू होते. यासाठी सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गुंडाळलेला पट्टा धुवायचा राहून जातो आणि त्यावर चिखलाची रेघ सापडते. सीटखालचे रूळ, स्टेपनीची खोबण आणि कार्पेट उचलून खालचा पत्राही बघावा. काचा लावून, एसी बंद ठेवून पाच मिनिटे आत बसले की कुबट वास लपत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीचा प्रश्न वेगळा : दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानी गंजतात. गाडी रॅम्पवर चढवली की हा गंज दिसतो आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करता येतो.

मोठी ठोकर लागल्याची खूण काचांवर मिळते. सगळ्या काचांवरील कंपनीची छाप आणि उत्पादनवर्ष साधारण सारखे असते. एकच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारावे. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात.

मीटर मागे फिरवलेले असू शकते, पण झिजलेले पेडलचे रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग बदलायचे राहून जाते. नाशिकमध्ये हे विशेष बघावे लागते, कारण शिर्डी आणि त्र्यंबकेश्वरच्या भाविकांना घेऊन अनेक टुरिस्ट गाड्या वर्षभर धावतात. टॅक्सीची पिवळी नंबरपाटी काढून खासगीत आणलेल्या गाडीचा पूर्वीचा प्रकार परिवहनच्या नोंदीत सापडतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील प्रत्येक वेळच्या किलोमीटरच्या नोंदीही मागाव्यात.

चालवून पाहणे : इंजिन थंड असतानाच सुरू करावे. आपण पोहोचण्याआधीच गाडी सुरू करून ठेवली आहे का, हे बॉनेटला हात लावून कळते. डिझेल गाडीसाठी थंडीतली पहाट उत्तम. निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरतो तेव्हा अशक्त बॅटरी आणि खराब ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आतून तापवणारे प्लग) लगेच उघडे पडतात. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) इंजिनात जळत असण्याची शंका घ्यावी. क्लच द्वारका चौकाच्या गर्दीत आणि चढावर, अशा दोन्ही ठिकाणी तपासावा. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, अशी गाडी कसारा घाटात दगा देते. महिंद्राचा कारखाना सातपूरला असल्याने बोलेरो-स्कॉर्पिओ इथल्या मिस्त्रींच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. तरीही मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागदपत्रे : इंजिन बांधून घेता येते, कागदाचा घोळ मात्र वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. आरसीवरचा १७ अक्षरांचा चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकाशी ताडावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकीत ई-चलन ऑनलाइन दिसते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही बघावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र लागते. ते दाखवायला सांगण्यात संकोच नको.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार राज्यांतर्गत विक्री विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायची असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडण्याची सवय दोघांनाही घातक आहे. एकामागून एक अनेक हातांत गेलेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदीवरच्या मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. गाडी नेमकी केव्हा हातातून गेली हे दाखवता यावे म्हणून ताबापावतीवर (गाडी ताब्यात दिल्याच्या पावतीवर) तारखेबरोबर वेळही लिहितात. विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते.

गुजरात जवळ असल्याने तिकडच्या पासिंगच्या स्वस्त गाड्याही विक्रीला येतात. 'जीजे १५' म्हणजे वलसाड. आकडा ओळखीचा, पण राज्य परके. अशा गाडीला मूळ कार्यालयाची फॉर्म २८ वरील एनओसी लागते, १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो कर किमतीत मिळवून मगच 'एमएच १५'च्या गाडीशी भाव ताडावा.