सेव्हिंग फंड वेगळा आणि बिल्डिंग अँड लोन वेगळं

परवा परत वाचलं, "अमेरिकेतली पहिली सेव्हिंग्ज अँड लोन म्हणजे फिलाडेल्फियाची १८१६ ची पीएसएफएस". कितव्यांदा वाचतोय देव जाणे. पीएसएफएस, म्हणजे फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी, ही सेव्हिंग्ज अँड लोन (लोकांची बचत गोळा करून घरकर्जं देणारी संस्था) नव्हती, ती सेव्हिंग्ज बँक होती. सेव्हिंग्ज अँड लोनचं मूळ आहे बिल्डिंग अँड लोन, आणि त्यातली पहिली निघाली १५ वर्षांनी, १८३१ मध्ये. घोळ का होतो ते कळतं म्हणा, दोन्ही फिलाडेल्फियाच्या आसपासच्याच, दोन्हीत गरीब माणसाचे थोडे थोडे पैसे साठवायचे, आणि पुढे दोघींनी घरांसाठी कर्जं दिली.

बिल्डिंग अँड लोनवर जास्त वेळ घालवत नाही कारण आपल्याला ती आधीच माहितीये, ती भिशी आहे. फ्रँकफर्ड नावाच्या गावात काही लोक एका टॅव्हर्नमध्ये जमले, ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट बिल्डिंग असोसिएशन काढली, प्रत्येकाने शेअर घेऊन महिन्याचा हप्ता भरायचा, पैसे जमले की ज्याची बोली जास्त त्याला घरासाठी कर्ज. पहिलं कर्ज मिळालं कॉम्ली रिच नावाच्या, रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्या माणसाला, ३७५ डॉलर (त्याचेही हप्ते पुढे थकले आणि ते कर्ज दुसऱ्या सभासदाने घेतलं, म्हणजे पहिल्याच भिशीत हे झालेलं आहे). सगळ्यांचा नंबर लागून गेल्यावर साधारण दहा वर्षांनी दुकान बंद. संपलं.

आता सेव्हिंग फंड, म्हणजे पीएसएफएस. हा आपल्या ओळखीचा नाही म्हणून इथेच सगळे घसरतात.

कॉन्डी रॅगेट नावाचा फिलाडेल्फियाचा व्यापारी, त्याने ब्रिटनमधल्या सेव्हिंग्ज बँकांबद्दल वाचलं, ओळखीचे काही प्रतिष्ठित लोक गोळा केले आणि २ डिसेंबर १८१६ ला कामकाज सुरू झालं. पहिला खातेदार कोण, तर रॅगेटकडेच नोकर असलेला कर्टिस रॉबर्ट्स हा कृष्णवर्णीय माणूस, ५ डॉलर भरले त्याने. हे चित्र नीट बघा. मालकाने बँक काढली आणि नोकराने पैसे ठेवले. बिल्डिंग असोसिएशनमध्ये टेबलाभोवती बसलेले सगळे एकाच नात्याने बसलेत, आज मी भरतो उद्या मी घेतो. इथे टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर मंडळी आहेत आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना काटकसरीची सवय लावायची ते लोक. मॅनेजर पगार घेत नव्हते, त्यांच्याकडे शेअरही नव्हते कारण शेअर नावाची भानगडच नव्हती, जागा रिकामी झाली की उरलेले मॅनेजरच नवा माणूस निवडायचे. खातेदाराला कोण विचारतंय? पैसे सरकारी रोख्यांत, गहाणावर वगैरे लावायचे आणि व्याज खातेदाराला. माझं खातं आहे म्हणून मला कर्ज द्या, असा काही हक्क नाही.

आणि तरी या बँकांना म्हणतात "म्युच्युअल". झालं, की लगेच आपल्याकडे कोणीतरी त्याचं "सहकारी बँक" करून टाकतो. मला या भाषांतराची खरंच चीड आहे. सहकारी म्हटलं की सभासद आले, मत आलं, सर्वसाधारण सभा आली, तिथली खडाजंगी आली. यातलं इथे काहीही नाही. म्युच्युअलचा अर्थ इतकाच की नफा खाणारा बाहेरचा शेअरहोल्डर नाही, बँक चालते ती खातेदाराच्या भल्यासाठी. खातेदाराच्या सांगण्यावरून मात्र चालत नाही. व्याज देऊन उरलेलं दर वर्षी गंगाजळीत पडतं, तुम्ही पैसे काढून निघून गेलात की मुद्दल आणि व्याज तुमचं, गंगाजळीतला वाटा नाही. मग ती कोणाची? दीडशे वर्षं कोणीच नीट उत्तर दिलं नाही, गरजही पडली नाही.

म्हणजे मॅनेजर सज्जन आणि सावध असले तर उत्तम, आणि नसले तर खातेदाराच्या हातात काही नाही. फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक बघा, १८६५ ची, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांसाठी. आधी फक्त सरकारी रोख्यांत पैसे लावायचा नियम होता, १८७० मध्ये कायदा बदलून कर्जं द्यायची मुभा झाली, विश्वस्तांनी नको तिथे पैसे दिले आणि १८७४ ला बँक बुडाली, ६० हजारांवर खातेदारांचे पैसे अडकले. त्यातल्या एकालाही कधी विश्वस्त बदलायचं मत नव्हतं.

गंगाजळी कोणाची हा प्रश्न शेवटी पीएसएफएसपुढेही आला. १९८३ मध्ये ती म्युच्युअलची स्टॉक कंपनी, म्हणजे शेअरहोल्डरांच्या मालकीची झाली. अशा वेळी गंमत अशी होते की शेअरसाठी तुम्ही भरलेला पैसा बँकेतच राहतो, शिवाय पिढ्यानपिढ्या साठलेली गंगाजळी आयती तुमची, म्हणजे शेअर घेणाऱ्याची. बाहेरच्यांच्या आधी शेअर घ्यायची संधी खातेदाराला मिळते खरी, पण ज्याच्याकडे शेअर घ्यायला पैसे नाहीत त्याला शून्य. बिल्डिंग असोसिएशनमध्ये हिस्सा पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर असतो, हा फरक.

१९९० च्या सुमाराला सेव्हिंग्ज अँड लोन धडाधड बुडाल्या, पीएसएफएसही तेव्हा मेरिटर हे नाव लावून होती आणि ११ डिसेंबर १९९२ ला बंद झाली, म्हणून तिला त्याच यादीत घालतात. तेही चूक. सेव्हिंग्ज अँड लोनच्या ठेवींचा विमा एफएसएलआयसी या सरकारी विमा महामंडळाकडे होता आणि ते महामंडळ स्वतःच १९८९ मध्ये मोडीत निघालं. पीएसएफएसचा विमा एफडीआयसीकडे, म्हणजे बँकांच्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या वेगळ्या सरकारी महामंडळाकडे, आणि पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या बँकिंग खात्याने तिला टाळं लावलं तेव्हा ती ताब्यात दिली तीही एफडीआयसीच्याच.

बाकी किरकोळ. "पहिली सेव्हिंग्ज बँक बॉस्टनची की फिलाडेल्फियाची" यावर भांडणाऱ्यांनो, सनद आधी बॉस्टनला मिळाली, १३ डिसेंबर १८१६ ला, आणि दार आधी फिलाडेल्फियाने उघडलं, तिला सनद १८१९ मध्ये मिळाली. दोघी बरोबर, जेवायला चला. आणि हो, नाव "फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी" आहे, "सेव्हिंग्ज" नाही. १९३२ च्या तिच्या ३६ मजली इमारतीत आता हॉटेल आहे, पण गच्चीवर पीएसएफएस ही लाल अक्षरं अजून आहेत.