ट्रॅपिझियम (थीटा-१ ओरायनिस)

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या (एम ४२) गाभ्यात असलेला बहुतारा. ए, बी, सी व डी हे त्याचे ठळक घटक समलंब चौकोनाच्या आकारात दिसतात. त्यांच्यातील कोनीय अंतरे सुमारे ९ ते २१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असल्याने लहान दुर्बिणीतूनही ते सुटे दिसतात. अक्षरे तेजस्वितेनुसार नसून पश्चिमेकडून पूर्वेकडे दिलेली आहेत, त्यामुळे सर्वांत तेजस्वी तारा (प्रत ५.१; प्रत हे तेजस्वितेचे माप असून आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) सी ठरतो. अंतर पूर्वी १,५०० प्रकाशवर्षे धरत. अलीकडच्या रेडिओ पराशय (पृथ्वीच्या कक्षेतील बदलत्या स्थानामुळे दिसणारे ताऱ्याचे किंचित सरकणे) मापनांनुसार ते १,३०० प्रकाशवर्षांच्या आसपास येते.

शोधाचे श्रेय जुन्या ग्रंथांत बहुधा डच ज्योतिर्विद हायगेन्झ यांना दिलेले आढळते. त्यांनी १६५६ मध्ये तेजोमेघ व त्यातील तीन तारे पाहिले. परंतु गॅलिलीओ यांच्या ४ फेब्रुवारी १६१७ च्या आकृतीत ए, सी व डी स्पष्ट दाखवलेले आहेत. तेजोमेघाचा उल्लेख तीत नाही. तरीही ताऱ्यांपुरता अग्रमान गॅलिलीओंना देणेच सयुक्तिक वाटते. बी हा १६७३ च्या सुमारास प्रथम दिसला असावा. हायगेन्झ यांना तो १६८४ मध्ये आढळला. ई (स्ट्रूव्ह, १८२६) व एफ (जॉन हर्शेल, १८३०) हे मंद घटक नंतरचे.

ए व बी हे दोन्ही पिधानकारी युग्मतारे आहेत, म्हणजे जोडीतील एक तारा ठरावीक काळाने दुसऱ्याला झाकतो (पिधान) व प्रकाश मंदावतो. बीची पिधाने ६.४७ दिवसांनी होतात. शिवाय त्याच्याभोवती आणखी तारे असून तो स्वतःच एक छोटा संघ आहे. ए दर ६५.४ दिवसांनी जवळपास एका प्रतीने मंदावतो. साडेतीन शतके न्याहाळलेल्या ताऱ्याची ही पिधाने १९७० च्या दशकात लक्षात यावीत, हे नवल होय. सी हा ओ या सर्वांत तप्त ताऱ्यांच्या वर्गाचा, सुमारे ३९,००० केल्व्हिन पृष्ठतापमानाचा तारा आहे. तेजोमेघाचे आयनीकरण (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होणे) मुख्यतः त्याच्याच जंबुपार प्रारणाने होते. त्याच्या सोबत्याचा कक्षाकाल सुमारे ११ वर्षे आहे.

भोवतालच्या गुच्छात काही हजार तारे असून त्यांचे वय दहा लाख वर्षांच्या घरात असावे. वायू अद्याप न विरल्यामुळे काही अभ्यासक त्याला खुला तारकागुच्छ न म्हणता अंतःस्थित गुच्छ म्हणतात.

मुख्य वाद स्थैर्याचा आहे. सामान्य बहुताऱ्यांत जवळची जोडी व तिच्याभोवती दूरचा सोबती अशी उतरंड असते. येथे सर्व अंतरे साधारण सारखीच. अशी रचना टिकाऊ नसते, हे सोव्हिएत ज्योतिर्भौतिकीविद अँबार्टसुम्यान यांनी १९५० च्या दशकात दाखवले आणि ‘ट्रॅपिझियम-प्रकार’ हा वर्गच रूढ झाला. संगणकीय प्रयोगांत असे संघ गुच्छाच्या वयाच्या मानाने फारच लवकर विस्कटतात. त्यामुळे आजची रचना मूळची नसून पूर्वी अधिक असलेल्या ताऱ्यांपैकी उरलेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ई संघाबाहेर पडत असल्याचे वेगमापनांवरून सुचवले गेले आहे.