जॉक स्टीन

स्टीन, जॉक : (५ ऑक्टोबर १९२२ – १० सप्टेंबर १९८५). स्कॉटिश फुटबॉलपटू, प्रशिक्षक व मॅनेजर. पूर्ण नाव जॉन स्टीन. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबला १९६७ मध्ये त्यांनी युरोपियन कप, म्हणजे युरोपातील देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचा करंडक, मिळवून दिला. तोवर हा करंडक एकाही ब्रिटिश संघाच्या हाती लागला नव्हता.

जन्म हॅमिल्टनजवळच्या बर्नबँकचा. वडिलांप्रमाणे तेही कोळशाच्या खाणीत उतरले. १९४२ पासून आठ वर्षे आठवडाभर खाणकाम आणि शनिवारी अल्बियन रोव्हर्सकडून सामना, असा क्रम होता. १९५० मध्ये वेल्समधील लानेथ्ली क्लबने त्यांना पूर्णवेळ व्यावसायिक केले. इकडे हॅमिल्टनच्या घरी दोनदा चोरी झाली, पत्नीने परत चला म्हणून धोशा लावला, आणि नेमके त्याच वेळी सेल्टिकचे बोलावणे आले. डिसेंबर १९५१ मध्ये त्यांना घेतले ते राखीव संघातल्या पोरांना सांभाळण्यासाठी. मात्र नेहमीचे बचावपटू जायबंदी झाले आणि हा मध्यबचावपटू मुख्य संघात आला, पुढे कर्णधारही झाला. १९५३ चा कॉरोनेशन कप आणि १९५४ मध्ये लीग व स्कॉटिश कप ही जोडी सेल्टिकने त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकली. पायाने फारसे चपळ नव्हते. भिस्त हेडरवर आणि जागा ओळखण्यावर. घोट्याच्या दुखापतीमुळे १९५७ च्या सुरुवातीला खेळ थांबला.

राखीव संघाचे प्रशिक्षक म्हणून बिली मॅकनीलसारखी मुले त्यांच्या हाताखाली घडली. त्या काळी बहुतेक क्लबांत सराव म्हणजे मैदानाभोवती फेऱ्या. चेंडू क्वचितच मिळे. स्टीन यांचा सराव चेंडूभोवतीच फिरे. मार्च १९६० मध्ये ते डनफर्मलिन या स्कॉटिश क्लबचे मॅनेजर झाले, तेव्हा संघ खालच्या विभागात घसरण्याच्या बेतात होता. त्यांनी पहिले सहाही सामने जिंकून दिले. पुढच्याच वर्षी स्कॉटिश कपच्या अंतिम फेरीत, पुन्हा खेळवलेल्या सामन्यात, त्यांनी सेल्टिकलाच २–० असे हरवले. १९६३ मध्ये इटलीला जाऊन त्यांनी इंटर मिलान क्लबचे मॅनेजर हेलेनियो हेरेरा यांची पद्धत जवळून पाहिली. हा अभ्यास चार वर्षांनी कामी आला. मध्ये वर्षभर एडिंबरोच्या हायबर्नियन क्लबला दिले.

मार्च १९६५ मध्ये ते सेल्टिकला परतले. आयरिश कॅथलिक मुळांच्या या क्लबचे ते पहिले प्रॉटेस्टंट मॅनेजर. त्याहून मोठा बदल अधिकाराचा होता : पूर्वी संघनिवडीत अध्यक्ष रॉबर्ट केली यांचा शब्द चाले, आता निवड पूर्णपणे स्टीन यांच्याकडे आली. सहाच आठवड्यांत स्कॉटिश कप आला.

त्यांचे खरे कौशल्य खेळाडूंच्या जागा बदलण्यात होते. आघाडीला खेळणारा बॉबी मरडॉक मागे, मधल्या फळीत आला. १९६६ च्या उन्हाळ्यातील पाच आठवड्यांच्या उत्तर अमेरिका दौऱ्यात डाव्या बगलेचा बर्टी ऑल्ड त्याच्या जोडीला बसला. रचना ४-२-४ (चार बचावपटू, मधल्या फळीत दोन, आघाडीला चार), पण फुलबॅकना, म्हणजे कडेच्या बचावपटूंना, पुढे धावण्याची मुभा. एक नियम सरावात घोटलेला : बचाव खोलवर बसला असेल, तर गोलसमोर उंच क्रॉस टाकायचा नाही, चेंडू मागे, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला द्यायचा.

२५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इंटरविरुद्ध हेच दिसले. सातव्या मिनिटाला इंटरच्या मात्सोलाने पेनल्टीवर गोल केला आणि इंटर बचावात शिरला. एक फुलबॅक पुढे गेला तर दुसऱ्याने मागे थांबायचे, ही शिस्त मोडून क्रेग व गेमल दोघेही वर गेले. क्रेगने चेंडू मागे दिला, गेमलने दुरून बरोबरी साधली. शेवटी मरडॉकच्या फटक्याला चामर्सने दिशा दिली, २–१. अकराही खेळाडू सेल्टिक पार्कपासून सुमारे ३० मैलांच्या आत जन्मलेले.

माणसे ओळखण्यातही ते तरबेज. विंगर जिमी जॉन्स्टन विमानप्रवासाला घाबरे. १९६८ मध्ये युरोपियन कपच्या दोन सामन्यांच्या लढतीत, रेड स्टार बेलग्रेडविरुद्धच्या घरच्या सामन्यात मध्यंतराला १–१ असताना स्टीन यांनी त्याला सांगितले, चार गोलांची आघाडी मिळाली तर परतीच्या सामन्याला येऊ नकोस. निकाल ५–१.

१९७० च्या युरोपियन कपच्या अंतिम फेरीत मात्र गणित चुकले. उपांत्य फेरीत इंग्लंडच्या लीड्सला हरवल्यावर नेदरलँड्सचा फेयेनूर्द हलका वाटला. स्टीन यांनी मधल्या फळीत दोघेच ठेवले, जॉर्ज कॉनेलीला बाहेर बसवले. फेयेनूर्दच्या तिघांच्या मधल्या फळीने चेंडू ताब्यात ठेवला आणि जादा वेळेत २–१ ने सामना नेला. त्या पराभवाचे खापर खेळाडूंवर फोडणे अन्यायाचे ठरेल.

देशांतर्गत मक्तेदारी टिकली : १९६६ ते १९७४ सलग नऊ लीग विजेतेपदे. सेल्टिकमधील एकूण हिशेब १० लीग, ८ स्कॉटिश कप, ६ लीग कप व एक युरोपियन कप. जुलै १९७५ मधील मोटार अपघातात ते गंभीर जखमी झाले. एक हंगाम त्यांचे सहायक शॉन फॅलन यांनी सांभाळला. परतल्यावर १९७७ मध्ये लीग व कप आले, पण त्याच ऑगस्टमध्ये आघाडीचा खेळाडू केनी डॅलग्लिश लिव्हरपूलला गेला आणि पुढच्या हंगामात संघ पाचवा आला. मॅनेजरपद मॅकनीलकडे गेले. त्यानंतर स्टीन लीड्सचे मॅनेजर झाले, पण तेथे ४४ दिवसच राहिले, अगदी त्याच पदावरचे आधीचे ब्रायन क्लफ यांच्याइतकेच.

ऑक्टोबर १९७८ पासून ते स्कॉटलंडचे मॅनेजर होते. १९८२ च्या विश्वचषकात संघ गोलफरकावर बाहेर पडला. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये, १९८६ च्या विश्वचषकासाठीची पुढची पात्रता लढत गाठायला वेल्सशी बरोबरी पुरेशी होती. डेव्ही कूपरच्या पेनल्टीने ८१ व्या मिनिटाला ती साधली. सामना संपता संपता स्टीन कोसळले आणि स्टेडियममध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचे सहायक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी सूत्रे घेतली, ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती पात्रता लढत जिंकली आणि संघ विश्वचषकासाठी मेक्सिकोला नेला.