धर्माचा तास सक्तीचा, मग आवड कशी मोजायची?

इंडोनेशियात शहरातली पोरं इस्लामच्या तासाला जास्त रमतात की खेड्यातली, यावर तिकडे सतत प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 28 मुळे सरकारी शाळेत हा तासच नसतो, म्हणून वाचताना जरा विचित्र वाटतं.

डचांच्या काळाचं फार सांगण्यासारखं नाही, तेव्हा धर्म शिकायचा तो मशिदीत नाहीतर पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे राहून इस्लाम शिकायच्या शाळेत. 1950 च्या कायद्याने सरकारी शाळेत धर्माचा तास आला, पण पोराला बसवायचं की नाही हे आईबापांनी ठरवायचं होतं. 1960 ला विषय थेट विद्यापीठापर्यंत नेला, तरी हरकत नोंदवून बाहेर राहायची सोय ठेवलीच होती. मग 1965-66 च्या कम्युनिस्टांच्या कत्तली झाल्या, धर्म नाही म्हणजे लाल असणार असा संशय सगळीकडे, आणि तिथल्या सर्वोच्च सभेच्या 1966 च्या ठरावात ती सोयच गाळली. ठरावात बदललं तसं थोडंच, पण माझ्या मते खरा गुंता इथेच झाला, कारण ज्या तासाला नाही म्हणताच येत नाही तिथे हजेरी बघून काय कळणार? मार्कही फारसे कामाचे नाहीत, राष्ट्रीय परीक्षा 2021 ला बंद झाली पण होती तेव्हाही हा विषय तिच्यात नव्हता, म्हणून शहरातले शिकवणीचे क्लासही गणित-इंग्रजीचेच.

1975 ला धर्म सोडून इतर विषय 70 टक्के शिकवणाऱ्या मदरशांचा दाखला शाळेच्या बरोबरीचा धरला. 2003 च्या कायद्यात ज्याला त्याला स्वतःच्याच धर्माचा शिक्षक हवा असं आलं, म्हणजे ख्रिश्चन शाळेतल्या मुसलमान पोरालाही मुसलमान शिक्षक, त्यावर ख्रिश्चन शाळा भडकल्या. 2013 च्या अभ्यासक्रमात विषयाच्या नावाला ‘सदाचार’ जोडला आणि माध्यमिकचे आठवड्याचे तास 2 चे 3 केले.

आता शहर-खेडं म्हणाल तर खेड्यातलं पोरगं संध्याकाळी गावातल्या छोट्या मशिदीत कुराण वाचायला जातंच, शाळेत तेच परत ऐकून कंटाळणार नाही तर काय. पण 80 च्या दशकाच्या शेवटी योग्यकार्ता शहरातून ‘इक्रो’ ही कुराण वाचायला शिकवणारी 6 छोट्या पुस्तकांची पद्धत निघाली आणि दुपारचे कुराणवर्ग शहरातल्या गल्ल्यांतही आले, म्हणजे तोही फरक पुसट झाला. शिवाय हायस्कूलात ‘रोहिस’ असतं, शाळा सुटल्यावर पोरंपोरीच चालवतात ते धार्मिक मंडळ. वर्गात पेंगणारा एखादा तिथे सगळ्यात पुढे असू शकतो, पण प्रश्नावली वर्गातल्या तासाची, त्यामुळे त्याच्या नावापुढे ‘आवड कमी’च पडणार.